कॅम्परला मोठे टायर टाकायचेत, ३१ इंची की २३५? लवकर सांगा

कातळवाडी
नमस्कार मंडळी. घाईत लिहितोय. आमच्या बोलेरो कॅम्पर पिकपचे चारही टायर गोटा झालेत, बदलायचेच आहेत. म्हटलं बदलतोय तर मोठेच टाकू, कारण पावसात बागेत गाडी चढत नाही. एक दुकानदार म्हणतो ३१ इंची घाला, गाडी रणगाड्यासारखी चढेल. दुसरा म्हणतो २३५ मिलिमीटर रुंदीच्या पुढे जाऊ नका. पाऊस तोंडावर आलाय. जुलैत कलमांना कल्टार (मोहोरासाठीचं औषध) घालायचंय आणि खत त्याआधी वर पोचायला हवं. ३१ घेऊ की २३५? एमटी (चिखलाचे, मोठ्या खाचांचे) की एटी (सगळ्या रस्त्यांचे)? ज्यांनी स्वतः वापरलेत त्यांनीच सांगा.

घाटरस्ता
टू व्हील की फोर व्हील, म्हणजे ओढ दोन चाकांना की चारही? आत्ता कुठला साइज आहे? पाटी पिवळी की पांढरी? माल किती भरता? आणि 'चढत नाही' म्हणजे नक्की कशावर चढत नाही, चिखल, कातळ, गवत, की सुटी खडी? एवढं कळल्याशिवाय कुणीही सांगितलेला साइज हा अंदाजच असेल.

धुरळा_४बाय४
भावा, डोळे झाकून एमटी घे. माझ्या जुन्या थारला एमटी आहेत, भातखाचरातून गाडी काढलीय. मोठ्या खाचा असल्या की चिखल आपोआप फेकला जातो. एटी म्हणजे धड ना इकडे ना तिकडे. रस्त्यावर थोडा आवाज येतो, सवय होते.

कातळवाडी
@घाटरस्ता टू व्हील आहे. पाटी पिवळी. टायरवर २१५/७५ आर १५ लिहिलंय. माल आंब्याच्या दिवसांत क्रेट, पावसात खत नाहीतर पाण्याचे ड्रम. राजापूर तालुक्यात बाग आहे, रस्ता आमचा आम्हीच काढलेला. आता सांगा, ३१ की २३५?

मोजपट्टी
आकडे मांडतो, म्हणजे हवेत बोलणं नको.

२१५/७५ आर १५ चा व्यास साधारण ७०३ मिलिमीटर. २३५/७५ आर १५ चा ७३३. म्हणजे टायर ३० मिलिमीटरने मोठा, पण गाडी उचलली जाते त्याच्या निम्मी, फक्त १५ मिलिमीटर. ३१ इंची म्हणजे ३१×१०.५० आर १५, त्याचा व्यास साधारण ७८७. तिथे गाडी ४२ मिलिमीटर उचलली जाईल.

पण याची किंमत मोजावी लागते. २३५ टाकलेत तर काटा ६० दाखवेल तेव्हा गाडी साडेबासष्टने पळत असेल. ३१ ला तोच वेग ६७ होतो. मोठं चाक म्हणजे प्रत्येक गिअर लांब पडतो, चढावर पहिल्या गिअरची ओढ कमी होते आणि क्लचवर ताण येतो. ब्रेक मात्र तेच राहतात, जड चाक थांबवायला त्यांना जास्त जोर लागतो.

आणखी एक. ३१×१०.५० ला किमान ७ इंच रुंदीची रिम लागते. तुमच्या रिमवर ५.५ जे, ६ जे असं काहीतरी कोरलेलं असेल, ते बघून सांगा. २३५ ला ६ इंच पुरते.

धुरळा_४बाय४
हे कागदावरचं गणित झालं. प्रत्यक्षात एवढा फरक जाणवत नाही.

मोजपट्टी
उतारावर टनभर माल घेऊन येणाऱ्याला जाणवतो. थार रिकामी फिरते, कॅम्पर फिरत नाही. तुमच्या थारला चारही चाकांना ओढ आहे, हेही सोडून देता आहात.

सोनचाफा
कातळवाडी, टायर कुठलाही घ्या, पण हवा नायट्रोजनची भरा. तिचा दाब जरा हळू उतरतो असं म्हणतात. मी गाडीला तीच भरतो.

घाटरस्ता
सोनचाफा, त्यांचा प्रश्न चिखलात चढण्याचा आहे. नायट्रोजनने पकड वाढत नाही. साध्या हवेतही बहुतांश नायट्रोजनच असतो.

पिवळीपाटी
कुणीच बोलत नाही म्हणून सांगतो. पिवळी पाटी आहे म्हणजे फिटनेसला जावं लागतं, पहिली ८ वर्षं दर २ वर्षांनी आणि नंतर दरवर्षी. ३१ इंची घातलेत आणि ते मडगार्डच्या बाहेर आले तर इन्स्पेक्टर पहिलं बोट तिथेच ठेवेल. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ वाहनातल्या बदलांबद्दलच आहे. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही स्पष्ट सांगितलं की कंपनीने दिलेल्या मूळ रचनेला धरून नसणारे बदल चालणार नाहीत. पासिंग तर नंतरची गोष्ट. अपघात झाला आणि विमा कंपनीचा सर्व्हेअर आला, तर तो टायरच्या साइजचा फोटो आधी काढतो.

धुरळा_४बाय४
अर्धा महाराष्ट्र मोठे टायर लावून फिरतोय. कुणी अडवत नाही.

पिवळीपाटी
रस्त्यात अडवत नसतील. क्लेम अडकतो तेव्हा त्या माणसाबरोबर कार्यालयाच्या पायऱ्या चढायला मी जातो, म्हणून कळकळीने सांगतोय. शेतकऱ्याची गाडी आहे, शौकाची नाही. तिच्यावर घर चालतं.

डॅलसकर
इथे टेक्सासमध्ये आमच्याकडे एफ-१५० आहे. २७५/६५ आर १८ काढून ३५ इंची टाकलेत, सोबत लिफ्ट किट. दिसायला तर अफलातून. तुम्ही लिफ्ट किटचा विचार केलात का? मागचे पाटे वाढवले की आर्चमध्ये (चाकावरच्या कमानीत) भरपूर जागा होते.

मोजपट्टी
एफ-१५० ची इंजिनं आणि ब्रेक वेगळ्या मापाचे आहेत, दादा. भरलेल्या पिकपचे पाटे उंच केले की वजनाचा मध्य वर जातो. आडव्या उतारावर गाडी कलंडायला तेवढं पुरतं. कोकणातल्या बागेच्या रस्त्याला हे सुचवू नका.

नानाकाका
कातळवाडी, बाळा, मी लांज्याचा. तू 'चढत नाही' एवढंच म्हणतोस. नेमकी कुठे आणि कशी अडकते ते नीट लिही. कुठली चाकं फिरतात? घसरते की रुतते? गाडी भरलेली असते की रिकामी?

कातळवाडी
काका, लिहितो. वहाळ ओलांडला की शेवटचा चढ आहे. खाली जांभा, वर बोटभर लाल माती. वरचं पाणी डाव्या चाकोरीतूनच वाहत येतं, त्यामुळे तिथली माती धुऊन जाते आणि कातळावर शेवाळ धरतं. डावं मागचं चाक त्या शेवाळावर आलं की जागच्या जागी फिरतं, रबराचा वास येतो आणि गाडीची मागची बाजू हळूहळू गडग्याकडे (दगडी कुंपणाकडे) सरकते. रुतत नाही, घसरते. उजवं चाक कोरड्यात असूनही हलत नाही.

गोणी भरलेल्या असतात तेव्हा कुंथत का होईना, चढते. रिकामी वर न्यायची असली, संध्याकाळी गड्यांना आणायला, तेव्हाच अडकते.

रिमवर ६ जे आहे.

घाटरस्ता
हे पहिल्याच पोस्टमध्ये असतं तर अर्धा धागा वाचला असता! भरलेली चढते आणि रिकामी अडकते, यातच सगळं आलं. तुमचा प्रश्न टायरच्या उंचीचा नाहीच. मागच्या चाकांवर वजन नाही, हा आहे. पिकप रिकामी असली की इंजिन आणि केबिनचा भार पुढे, आणि ओढणारी चाकं मागे हलकी. ३१ इंची लावलेत तरी हलकं चाक शेवाळावर फिरणारच.

नानाकाका
अगदी बरोबर. हौद्यात मागच्या ॲक्सलच्या बरोबर वर जांभ्याचे चिरे रच. फळीला टेकव आणि दोरीने घट्ट आवळ. सुटे ठेवलेस तर ब्रेक मारताना केबिनवर येतील. सगळं पावसाळाभर तेवढं वजन हौद्यात राहू दे. माल भरताना ते वजन धरून मोज, म्हणजे पाटे दबणार नाहीत.

मोजपट्टी
डावं चाक फिरतं आणि उजवं हलत नाही, हे साध्या डिफरन्शलमुळे (दोन चाकांत ओढ वाटणारे गिअर). ज्या चाकाला विरोध कमी, ते फिरतं. थारच्या काही मॉडेलमध्ये लॉक होणारा डिफरन्शल येतो, तुमच्या कॅम्परमध्ये तो दिसत नाही. एक उपाय करता येतो. चाक फिरायला लागलं की हँडब्रेक दोन-तीन दाते ओढून धरायचा, म्हणजे फिरणाऱ्या चाकाला विरोध होतो आणि थोडी ओढ दुसऱ्याकडे जाते.

पिवळीपाटी
हँडब्रेकचा उपाय जपून. जास्त वेळ धरला तर ब्रेकचे लायनर तापतात आणि उतारावर तेच लागणार असतात. चढ संपला की लगेच सोडा.

धुरळा_४बाय४
ठीक आहे, वजनाचं पटलं. पण टायर एमटीच हवेत ना? शेवाळावर मोठी नक्षी चावणार.

घाटरस्ता
इथे मी तुमच्या विरोधात आहे. एमटीच्या खाचा खोल मऊ चिखलासाठी असतात, चिखल बाहेर फेकायला. ओल्या कातळावर खणायला काही नाही. तिथे रबर दगडाला जितकं जास्त टेकेल तितकी पकड. एमटीचे ठोकळे एकमेकांपासून दूर असतात, त्यामुळे दगडाला टेकणारं रबर कमी, आणि ठोकळ्यांवर बारीक चिराही कमी. एटीला त्या बारीक चिरा भरपूर असतात, त्या पाण्याचा थर मोडतात. तुमचं खाचर आणि यांचा कातळ, दोन्हीकडे पाऊसच, पण जमीन वेगळी. शिवाय यांना बाजारापर्यंत डांबरी रस्ता आहेच, पावसात घाट उतरायचा आहे. एमटी त्या ओल्या डांबरावरही कमी पडतात.

धुरळा_४बाय४
कातळाचं म्हणणं मान्य. आमच्याकडे सगळी काळी माती, म्हणून मी तसं सांगत होतो.

नानाकाका
आणि रुंदीचं ऐक. बोटभर मातीखाली कठीण जांभा आहे. अरुंद टायर माती कापून खाली टेकतो, रुंद टायर वरच तरंगतो. रुंद टायर वाळूत चांगला, किनाऱ्यावर चांगला. तुझ्या चढावर २१५ वाईट नाही.

कातळवाडी
म्हणजे साइज तोच ठेवू? दुकानदार म्हणाला २३५ बसतो, सगळे टाकतात.

मोजपट्टी
बसतो, ६ जे रिमवर नीट बसतो. पण दुकानातून निघण्याआधी चार गोष्टी बघा. स्टीअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण तोडून मडगार्डच्या आतल्या लायनरला टायर घासतो का. गाडी भरल्यावर मागे आर्चला लागतो का. स्टेपनी हौद्याखालच्या जागेत मावते का. आणि लोड इंडेक्स. मालगाडीला हे सगळ्यात महत्त्वाचं. १०० म्हणजे एका टायरवर ८०० किलो, १०५ म्हणजे ९२५. मूळ टायरवरच्या आकड्याच्या खाली कुठल्याही परिस्थितीत जाऊ नका, मग टायर कितीही दणकट दिसो.

टायरच्या अंगावरचे शेवटचे चार आकडेही वाचा. २३२४ असेल तर २०२४ च्या २३ व्या आठवड्यात बनलेला. आडगावच्या दुकानात जुना माल पॉलिश करून पुढे ठेवलेला मी पाहिलाय.

पिवळीपाटी
माझं मत, २१५/७५ आर १५ मध्येच एटी घ्या. पासिंगला त्रास नाही, विम्याला त्रास नाही, काटा खरा राहतो, स्टेपनी जागेवर बसते. अपोलो अप्टेरा एटी२, सिएट झार एटी, दोन्ही या वर्गातले आहेत. जो तुमच्या लोड इंडेक्समध्ये ताजा मिळेल तो घ्या.

सोनचाफा
मोठे टायर टाकल्यावर ॲव्हरेज खूप पडतो असं ऐकलंय. माझ्या मेहुण्याचा पडला.

मोजपट्टी
थोडा पडतो, पण त्यातला काही फरक मीटरचा असतो. २३५ टाकल्यावर मीटर १०० किलोमीटर दाखवतो तेव्हा गाडी १०४ च्या थोडी पुढे गेलेली असते. मेहुण्यांनी तेवढं वाढवून पुन्हा हिशोब करावा.

नानाकाका
टायरबरोबर रस्त्याचंही बघ. तू विचारलं नाहीस, तरी सांगतो. पाणी डाव्या चाकोरीतून येतं म्हणालास. चढाच्या वर तिरका चर खण आणि पाणी गडग्याच्या बाहेर काढ. शेवाळ पाण्यामुळे धरतं, पाणी वळवलंस की ते कमी होईल. चिरेखाणीत चुरा पडलेला असतो, दोन खेपा आणून चाकोरीत दाब. आत्ता उघडीप आहे तोवर कर, पाऊस लागला की चुरा वाहून जाईल.

कातळवाडी
चर खणायला उद्याच माणसं लावतो, पाणी कुठून वळवायचं ते लक्षात आलं. टायर २१५ मध्येच एटी घेतो, चारही. चिरे बागेत पडलेलेच आहेत. हवा मात्र सांगा. चढाआधी कमी केली तर चालेल ना? आणि किती?

घाटरस्ता
चालेल, पण मोजूनमापून. दाराच्या स्टिकरवर रिकाम्या आणि भरलेल्या गाडीचा वेगवेगळा दाब दिलेला असतो. रिकामी असताना भरलेल्या गाडीची हवा ठेवली तर टायर फुगून मधल्या पट्ट्यावरच चालतो आणि पकड आणखी घटते. बरेच पिकपवाले कायम भरलेल्या गाडीचीच हवा ठेवतात. तुमचीही तशीच असणार, तपासा. आधी रिकाम्या गाडीच्या आकड्यावर आणा, मग चढ करून बघा. त्याखाली जायचं असेल तर सिगारेट लायटरला लागणारा छोटा पंप गाडीत हवाच. खाली आल्यावर डांबरावर चढण्याआधी हवा परत भरायची. कमी हवेवर माल भरून पळवलात तर टायरची भिंत तापून फाटते.

कातळवाडी
मागे भरलेल्या गाडीचीच हवा आहे, वर्षभर तीच असते. आज कमी करून बघतो. चर आणि चुरा झाला की फोटो टाकतो.

रानवाट
धागा वाचला, कामाचा आहे. माझा वेगळा प्रश्न आहे. माझ्याकडे फोर व्हील कॅम्पर आहे, पुढचे दोन टायर झिजलेत, मागचे चांगले आहेत. फक्त पुढे नवीन टाकले तर चालतील का?

मोजपट्टी
फोर व्हीलमध्ये पुढच्या-मागच्या व्यासात फरक नको. नवा आणि झिजलेला यांच्यात फरक पडतोच, आणि कठीण जमिनीवर फोर व्हील घातलंत तर सगळा ताण ट्रान्सफर केसवर (पुढच्या-मागच्या चाकांना ओढ देणारी गिअरपेटी) येतो. मागच्या टायरची खाच किती मिलिमीटर उरलीय ते मोजून नवीन धागा काढा, तिथे बोलू.