विषय: स्कॅम्पला वॅक्स कोणतं लावू?

प्रेषक: मीनल, ईगन

नमस्कार मंडळी,

पाडव्याच्या कार्यक्रमात बऱ्याच जणांना सांगून झालंय, पण पुन्हा एकदा: आम्ही जुना स्कॅम्प घेतला, म्हणजे फायबरग्लासचा छोटा कॅम्पिंग ट्रेलर. सोळा फुटी, १९९०च्या दशकातला, मूळचा पांढरा. आतून ठणठणीत आहे. बाहेरून मात्र पार कळा गेलीये. जरा टेकून उभं राहिलं की काळ्या टी-शर्टवर पांढरी भुकटी. दुकानात वॅक्सचे इतके डबे मांडलेत की काय उचलावं कळेना. जूनमध्ये इटास्काला जायचंय, तोवर चकाचक करायचा बेत आहे. गाडीचं वॅक्स चालेल का?

– मीनल

प्रेषक: निखिल, मेपल ग्रोव्ह

मीनल, वॅक्सच्या भानगडीत पडूच नका. फरशीला लावतात ते ॲक्रिलिक पॉलिश आणा आणि स्पंजाने पाच-सहा पातळ हात मारा. यूट्यूबवर बघा, जुन्यापुराण्या बोटी काय चमकतात! घासाघाशी नाही, एका दुपारीत काम खलास.

ता.क. ढोलपथकासाठी अजून नावं आलेली नाहीत. लोकहो, जागे व्हा.

प्रेषक: सुधीर (काका), डुलुथ

मीनल,

निखिलचा उपाय मी डुलुथच्या बोटवाल्यांकडे पाहिलाय. पहिला उन्हाळा झकास जातो. मग ऊन लागून तो थर पिवळा पडतो, कडांना पापुद्रे सुटतात, आणि काढायचा म्हटलं की अमोनियाचं स्ट्रिपर घेऊन इंच इंच खरवडत बसायचं. शिवाय तुझी भुकटी आतच राहणार. वरून कीर्तन, आतून तमाशा. निखिल, राग मानू नकोस.

आता तुझा प्रश्न. वॅक्स कोणतं, हे सगळ्यात शेवटी ठरव. भुकटी उडणाऱ्या पृष्ठभागावर जगातलं सगळ्यात महागडं वॅक्स लावलंस तरी ते भुकटीलाच चिकटणार आणि भुकटीबरोबरच जाणार.

कॅनडातल्या विनिपेगमध्ये १९६८ साली बोलर नावाचा ट्रेलर निघाला, त्याच घराण्यातला हा स्कॅम्प, आपल्याच मिनेसोटात बॅकसला बनतो. साच्यात घडवलेली दोन कवचं, वरचं आणि खालचं, मधे पट्ट्यावर जोडलेली. म्हणजे बांधणी बोटीची. बाहेरून जो पांढरा थर दिसतो तो रंग नाही, जेलकोट आहे, म्हणजे फायबरग्लासवरचा रंगीत रेझिनचा थर, साधारण अर्धा मिलिमीटर जाड. उन्हातल्या अतिनील किरणांनी त्यातलं रेझिन वरच्यावर कुजतं आणि आतला पांढरा रंगद्रव्याचा कण मोकळा होतो. तीच तुझ्या टी-शर्टवरची भुकटी. खाली चांगला जेलकोट शाबूत असतो, तिथवर पोचायचं एवढंच काम.

आधी एक कर. भिंतीचा एक तुकडा पाण्याने ओला कर आणि बघ. ओला असताना मूळ चमक आणि रंग परत दिसला तर रोग वरवरचा आहे. ओला करूनही डाग-डाग दिसले, किंवा खालचे काचेचे तंतू डोकावायला लागले, तर जेलकोट संपत आलाय. मग घासू नकोस, मला फोटो पाठव.

रोग वरवरचा निघाला असं धरून सांगतो. सुरुवातीला भांडी घासायचा साबण चालेल, कारण जुनं वॅक्स उतरवायचंच आहे. नंतर मात्र त्याला हात लावायचा नाही, पुढच्या धुण्यांना गाडीचा शॅम्पू. प्रेशर वॉशर खिडक्यांच्या रबरांवर आणि स्टिकरांवर मारू नकोस, पाणी नको तिथे शिरतं. धुऊन वाळलं की मरीन कंपाउंड, म्हणजे खराब थर घासून काढणारी बोटींसाठीची पेस्ट. गाडीच्या वरच्या पारदर्शक थराची जाडी जेलकोटच्या दहाव्या हिश्श्याएवढी असते, म्हणून गाडीसाठीची कंपाउंडं मवाळ. बोटींसाठीची जरा कडक, ती आण. सावलीत, हात लावून गार वाटेल अशा भिंतीवर, दोन फूट बाय दोन फूट एवढाच तुकडा एका वेळी. डीए पॉलिशर, म्हणजे फिरता फिरता डोलणारं यंत्र, सावकाश फिरव. नुसत्या गोल फिरणाऱ्या रोटरीच्या वाट्याला जाऊ नकोस, एका जागी जरा रेंगाळली की जेलकोट भाजतो. पॅड पांढरं होऊन गच्च बसतं, ते ब्रशने साफ करत राहा, नाहीतर तू भुकटीनेच भुकटी घासत बसशील. स्कॅम्पच्या अंगावर रिव्हेट आहेत, त्यांच्या टोप्यांवर आणि मधल्या पट्ट्यावर आधी मास्किंग टेप लाव. कंपाउंड तिथे एकदा वाळून बसलं की टूथब्रश घेऊन एकेक टोपी घासावी लागते. एखादी टोपी गेली असेल तर तेवढ्यात नवी बसवून टाक, पाणी तिथूनच आत येतं.

भिंत बोटाला गुळगुळीत लागली आणि काळ्या कापडावर काही उमटेनासं झालं की पॉलिश, आणि मगच वॅक्स. कर्नौबा घ्यायचं असेल तर डब्यातलं पेस्ट. ब्राझीलच्या ईशान्येकडच्या ताडाच्या पानांवरचं मेण असतं ते, उन्हातान्हात पाण्याचं बाष्प होऊ नये म्हणून झाड स्वतःच पानांवर धरतं. चमक उबदार येते, पण काही महिन्यांतच उतरतं. वॅक्सच्या जागी लावायचं सिंथेटिक सीलंट त्याहून जास्त टिकतं. माझं मत विचारशील तर आपल्या हवेत सीलंट बरं. कोणतंही लाव, थर इतका पातळ की लावलंय की नाही अशी शंका यावी. धुरकट झालं की मायक्रोफायबरने पुसून टाक, कापड सारखं उलटत राहा.

छत विसरू नकोस. सगळ्यात जास्त ऊन तेच खातं आणि खालून कुणाला दिसत नाही. वर चढायचं नाही, शिडीवरून करायचं.

– सुधीर

प्रेषक: प्रसाद, वुडबरी

काका, आमचा ट्रेलर मोठा, चौकोनी भिंतींचा. तोही फायबरग्लासच म्हणून विकला होता. हेच सगळं त्यालाही लागू का?

प्रेषक: सुधीर (काका), डुलुथ

प्रसाद, नाही. तुमची भिंत म्हणजे फोमवर चिकटवलेला फायबरग्लासचा पातळ पत्रा. कंपाउंड जपून, शक्यतो नुसतं पॉलिश. भिंतीला कुठे फुगवटा आला असेल तर आधी पाणी कुठून शिरतंय ते शोधा, वॅक्स राहू दे. आणि छत रबराचं असेल तर त्याला पेट्रोलियमयुक्त काहीही लावू नका, रबर फुगतं. त्याचं क्लीनर वेगळं मिळतं.

प्रेषक: मीनल, ईगन

काका, दाराखालचा तुकडा ओला केला. ओला असताना इतका सुरेख दिसला की आमच्या ह्यांनी नव्यानेच पाहिला जणू! वाळल्यावर पुन्हा तोच. म्हणजे वरवरचंच ना? आणखी दोन शंका. एक, बाजूचे निळे पट्टे स्टिकरचे आहेत, त्यांच्यावरून पॉलिशर फिरवू का? दोन, हिवाळ्यात ट्रेलर अंगणातच राहणार. निळी ताडपत्री घालून दोरीने बांधली तर? माहेरी कोकणात पावसाळ्यात सगळं तिच्याखालीच असतं.

प्रेषक: सुधीर (काका), डुलुथ

मीनल, वरवरचंच. पट्ट्यांवर कंपाउंड नको, कडेला टेप लावून बाजूने फिरव. वॅक्स हाताने लावलेलं चालेल.

ताडपत्री कोकणात ठीक, इथे नको. इथल्या वाऱ्यात ती फडफडत राहते आणि तीन महिन्यांत कोपऱ्यांवरचा जेलकोट घासून नेते. खाली दमट हवाही कोंडते. घालायचंच असेल तर हवा खेळणारं, मापाचं कव्हर घे. नाहीतर उघडा ठेव आणि छतावरचा बर्फ मऊ झाडूने ढकल, फावड्याने नाही. सप्टेंबरअखेर, थंडी पडायच्या आत, वॅक्सचा एक हात मारून ठेव. हिवाळा सरल्यावर ट्रेलर धुवायला घेशील तेव्हा काळे ओघळ कापडाच्या एका फटक्यात निघतील.

एक सांगायचं राहिलं. खिडक्यांभोवतीचं सील कुठे तडकलं असेल तर सिलिकॉन भरू नकोस. त्याच्यावर पुढे काही चिकटत नाही. ब्युटिल टेप, म्हणजे चिकट रबरी पट्टी, वापर.

माझा पॉलिशर पुढच्या शनिवारी मंडळाच्या सभेला घेऊन येतो. पॅड मात्र तुझे तू आण, कंपाउंडचा वेगळा आणि वॅक्सचा वेगळा.

– सुधीर

प्रेषक: निखिल, मेपल ग्रोव्ह

काका, पॉलिशर मीनलनंतर माझ्याकडे. माझ्या बोटीवर तो फरशीचा थर दोन वर्षांपासून आहे. स्ट्रिपर कोणतं घेऊ, तेही सांगा.