हप्ते थांबवले, तर कर्जमाफीची मोजणीही थांबते का?

प्रश्न : माझी मुलगी न्यू जर्सीतील सरकारी शाळेत शिक्षिका आहे. सार्वजनिक सेवेतील कर्जदाराने १२० हप्ते भरले की उरलेले फेडरल विद्यार्थी कर्ज माफ होते, या आशेवर ती आहे. जावयांची नोकरी गेली तेव्हा कर्ज सांभाळणाऱ्या कंपनीने फोनवर सुचवल्यावरून तिने आठ महिने फोरबेअरन्स (हप्ते तात्पुरते थांबवण्याची मुभा) घेतला. आमच्या हिशेबाने १०१ हप्ते व्हायला हवेत, पण खात्यावर ९३ दिसतात. हे आठ महिने बुडाले असे समजावे का?

उत्तर १ : तूर्त ते मोजणीत नाहीत, कारण या योजनेत लागते ते पात्र हप्ता आणि त्या महिन्यातील पूर्णवेळ नोकरी; नुसते महिने लोटून भागत नाही. व्याज मात्र चालूच राहते : ५ टक्के दराने ३०,००० डॉलरवर आठ महिन्यांचे १,००० डॉलर होतात. जावयांची नोकरी गेली त्याच दिवसांत, उत्पन्नावर आधारित योजनेत हप्ता नव्याने ठरवून मागायला हवा होता. तो शून्य डॉलर ठरला असता, तरी पात्र हप्ता म्हणून धरला गेला असता. फोनवर हे कोणी आपण होऊन सांगत नाही, याचा मला फार राग येतो.

उत्तर २ : हप्ते थांबवलेले महिनेही मोजले जातात, या गैरसमजाचे मूळ कोविडकाळात असावे. मार्च २०२० पासून सप्टेंबर २०२३ पर्यंत वसुली थांबली होती, व्याज ऑगस्ट २०२३ अखेरपर्यंत शून्य होते आणि तरीही पात्र नोकरीतले ते महिने मोजले गेले. ती खास सवलत होती. एरवी कर्करोगावरील उपचार किंवा आर्थिक हलाखी यांसाठीच्या काही डिफरमेंटचे, म्हणजे ठरावीक कारणासाठी हप्ते पुढे ढकलण्याच्या मुभेचे, महिने धरले जातात. शिक्षण चालू असतानाच्या डिफरमेंटचे नाहीत.

प्रश्नकर्ती : मग ते आठ महिने परत मिळवण्याचा काहीच मार्ग नाही का?

उत्तर १ : आहे, ताई. त्याला ‘बायबॅक’ म्हणतात. चुकलेल्या महिन्यांचे पैसे आता भरून ते मोजणीत घेता येतात, मात्र त्यामुळे १२० चा आकडा पूर्ण होत असेल तरच. म्हणजे मुलीने ११२ हप्त्यांपर्यंत पोहोचल्यावर अर्ज करावा. तोवर त्या आठ महिन्यांतील नोकरीचा दाखला शाळेकडून सही करून घ्यावा. मध्यंतरी तिने शाळा बदलली असेल, तर सही जुन्या शाळेची लागेल.