मदत हवी आहे : जुन्या घड्याळाच्या वयाचा पुरावा, कस्टम्सची क्वेरी

लंडनच्या लिलावातून घेतलेलं लंबकाचं फ्रेंच घड्याळ मुंबईत सहारच्या एअर कार्गोत अडकलंय. बिल ऑफ एंट्री (आयातीचा कस्टम्स अर्ज) कस्टम्स टॅरिफच्या 9706 या शीर्षकाखाली, म्हणजे 100 वर्षांहून जुन्या वस्तू म्हणून भरलं आहे. क्वेरी आली : वयाचा पुरावा द्या. इन्व्हॉइसवर फक्त 'एकोणिसावं शतक' लिहिलंय. सही नाही, लॉट नंबर नाही.

खरी भीती ड्युटीच्या फरकाची नाही. 9706 नाकारलं तर ते टॅरिफच्या घड्याळांच्या 91 व्या प्रकरणात जाईल आणि वापरलेली वस्तू ठरेल. कॅपिटल गुड्स (उत्पादनाची यंत्रसामग्री वगैरे) नसलेल्या जुन्या वापरलेल्या मालाची आयात 'रिस्ट्रिक्टेड' आहे, त्याला डीजीएफटीचं (विदेश व्यापार महासंचालनालयाचं) लायसन्स लागतं. ते नसेल तर जप्तीची नोटीस, मग दंड भरून सोडवणूक. म्हणून उत्तर पहिल्याच फेरीत नेमकं जायला हवं.

तयार आहे ते : कॅटलॉगचं पान, यंत्राच्या मागच्या पट्टीवरचा शिक्का आणि सीरियल नंबर यांचे फोटो, बँकेची पेमेंट स्लिप. केसवर हस्तिदंत किंवा कासवाचं कवच नाही, तेही लिहून देणार आहे, कारण तिथे वन्यजीव कायदा आडवा येतो.

विचारायचंय ते असं. लिलावगृहाचं सही-शिक्क्याचं पत्र पुरतं, की भारतातल्या तज्ज्ञाचा अहवालही मागतात? पत्रात 'सुमारे 1880' चालतं, की '100 वर्षांहून जुनं' हे शब्द हवेतच? आणि डेमरेज (कार्गोत माल पडून राहिल्याचं भाडं) वाचवायला कस्टम्स कायद्याच्या कलम 49 खाली माल गोदामात हलवण्याचा अर्ज कुणी अलीकडे केलाय का? मंजुरीला किती दिवस लागले, तेवढं नक्की सांगा.