शब्दचर्चा : मनाई, ताकीद, स्थगिती आणि 'जैसे थे'

आडगाव
आमच्या नगरपरिषदेने बाजारतळालगतची मोकळी जागा भाडेपट्ट्याने द्यायला निविदा काढली. एकाची निविदा तांत्रिक छाननीत बाद झाली, तो कोर्टात गेला. दुसऱ्या दिवशी एका वर्तमानपत्रात 'निविदेला स्थगिती', दुसऱ्यात 'नगरपरिषदेला मनाई', तिसऱ्याने तर 'निविदा रद्द' असं ठोकून दिलं. टपरीवर विचारलं तर एक काका म्हणाले, "काही नाही हो, जैसे थे दिलंय." हे चारही एकच का? कोशात इंजंक्शनला, म्हणजे कोर्टाच्या मनाई हुकमाला, 'व्यादेश' सापडला. तो शब्द मी आजवर कुणाच्या तोंडून ऐकलेला नाही.

निशाणी पाच
ऐकणारही नाही. व्यादेश हा छापील कायद्याच्या मराठीतला शब्द, तो पुस्तकातून बाहेर पडला नाही. तालुक्याच्या कोर्टात चालतात ते 'मनाई' आणि 'ताकीद'. दाव्यासोबत जो अर्ज येतो तो 'तूर्तातूर्त ताकीद मिळण्याचा', म्हणजे तात्पुरत्या मनाईचा, आणि दाव्याच्या शेवटी मागायची ती 'निरंतर ताकीद', म्हणजे कायमची. हा अर्ज बहुधा निशाणी ५ वर लागतो (निशाणी म्हणजे दाव्यातल्या कागदाचा क्रमांक), म्हणून पक्षकारसुद्धा "साहेब, आपल्या पाचचं काय झालं?" असंच विचारतात. माझं इथलं टोपणनाव त्यावरूनच.

आता मनाई आणि स्थगिती. मनाई माणसाला होते, स्थगिती कामाला किंवा हुकमाला. "प्रतिवादीने जागेचा ताबा कोणाला देऊ नये" ही मनाई. "अमुक अधिकाऱ्याच्या अमुक तारखेच्या आदेशाची अंमलबजावणी थांबवावी" ही स्थगिती. सर्वोच्च न्यायालयाने १९६७ मध्ये हा फरक नीट सांगितला आहे. मनाई पक्षकाराला उद्देशून असते, ती त्याला माहीत झाल्याशिवाय मोडली म्हणून शिक्षा करता येत नाही. खालच्या कोर्टाचं काम थांबवणारी स्थगिती त्या कोर्टाला उद्देशून असते, ती कळताक्षणी त्याने हात आखडायचा. आपल्या बोलण्यात मात्र दोन्हीला 'स्टे'. "त्याने स्टे आणला", "स्टे उठला". बोलायला हरकत नाही, छापायला आहे.

'रद्द' या घरातलाच नाही. स्थगित आदेश जिवंत असतो, फक्त त्याचा परिणाम थांबतो. रद्द झालेला आदेश नसल्यात जमा. १९९२ च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने हेच म्हटलं आहे. तुमच्या तिसऱ्या वर्तमानपत्राने निविदेला परस्पर मूठमाती दिली.

मुद्रितशोधक
दोन स्तंभांच्या मथळ्यात 'तूर्तातूर्त ताकीद' बसवून दाखवा, मग बोलू. पण रद्दबद्दल पूर्ण सहमत. तसाच दुसरा घोळ 'निकाली काढली'चा. याचिका निकाली निघाली म्हणजे फेटाळली असं धरून बातम्या येतात. काही निर्देश देऊनही याचिका निकाली निघते, त्यात मागणाऱ्याचं थोडंफार साधलेलं असू शकतं. आणि दावा दिवाणी कोर्टात, सरकारी निर्णयाविरुद्धची रिट याचिका उच्च न्यायालयात. बातमीत 'दावा' वाचलं की मनाई आठवावी, 'याचिका' वाचलं की स्थगिती किंवा अंतरिम आदेश. ढोबळ आहे, पण निम्म्या चुका टळतात.

'जैसे थे'ची गंमत वेगळीच. 'थे' सरळ हिंदी, आपण 'होते' म्हणू. तरी हिंदी वर्तमानपत्रं याला 'यथास्थिति' म्हणतात आणि 'जैसे थे' आपण वापरतो.

निशाणी पाच
जैसे थेमध्ये खरी मेख अशी की कोणत्या तारखेला जसं होतं तसं, हे आदेशात हवं. आदेश सकाळी झाला आणि ताबा आदल्या संध्याकाळीच दिला गेला असेल, तर जैसे थे म्हणजे नव्या पट्टेदाराचा ताबा कायम. वकील यावर तासन् तास भांडतात. बातमीत एका ओळीत उरकतं.

वऱ्हाडी ठेचा
तुम्ही 'भाडेपट्टा' सरसकट वापरताय म्हणून मध्येच. आमच्याकडे विदर्भात शहरातल्या सरकारी जागेला नझूल म्हणतात आणि 'नझुलाचा पट्टा' असं बोललं जातं. तो खरा पट्टा, जागेत हक्क निर्माण होतो. बाजाराची वसुली, तलावातली मासेमारी यांचा होतो तो मक्ता किंवा ठेका. आणि सरकारी इमारतीत कँटीन चालवायला देतात तो बऱ्याचदा नुसता परवाना. जागा वापरायची मुभा, जागेवर हक्क नाही. संपत्ती हस्तांतरण कायदा, १८८२ याच्या कलम १०५ मध्ये पट्टा आहे आणि त्याच वर्षीच्या सुविधाधिकार कायद्याच्या कलम ५२ मध्ये परवाना. निविदेच्या कागदावर वर काय लिहिलंय यावर जाऊ नका, आतल्या अटी बघा.

जाता जाता : ज्या 'लिलावा'ला निविदेचा भाऊ समजतो तो पोर्तुगीजांकडून आलाय.

आडगाव
हे सगळं उपयोगाचं. एक अडलं. मनाई म्हणजे 'करू नको'. मग कोर्टाने 'जागा सोड, ताबा दे' असं बजावलं तर त्याला काय म्हणायचं?

निशाणी पाच
आज्ञार्थी ताकीद. काही जण 'आदेशात्मक मनाई' लिहितात, ते कानाला विचित्र लागतं. हुकूम करायचा आणि त्याला मनाई म्हणायचं! म्हणून मला जुना 'ताकीद' शब्दच बरा वाटतो. ताकीद करण्याचीही देता येते, न करण्याचीही.

दोन्ही प्रकार एकाच भांडणात बघायचे असतील तर मुंबई विमानतळाच्या उपाहारगृहाचं प्रकरण वाचा. १९७७ मध्ये विमानतळ प्राधिकरणाने दुसऱ्या दर्जाचं एक उपाहारगृह आणि दोन स्नॅक बार चालवायला निविदा मागवल्या. अट होती पाच वर्षांचा अनुभव असलेल्या नोंदणीकृत दुसऱ्या दर्जाच्या हॉटेलवाल्याची. दिलं ते ही अट न पुरवणाऱ्या, कँटीन चालवणाऱ्या मंडळींना. त्यावर एकाने शहर दिवाणी न्यायालयात दावा लावून प्राधिकरणाविरुद्ध तात्पुरती मनाई मिळवली. दुसऱ्या बाजूचं ऐकल्यावर ऑक्टोबर १९७७ मध्ये ती उठली, उच्च न्यायालयातलं अपीलही त्याच महिन्यात गेलं, आणि अपील फेटाळलं त्याच दिवशी प्राधिकरणाने स्नॅक बारच्या जागा नव्या माणसांच्या ताब्यात दिल्या. मनाई उठणे म्हणजे काय, ते इथे दिसतं. तासाभराचंही अंतर महाग पडतं.

उपाहारगृहाची जागा मात्र जुना चालक सोडेना, त्याची मुदत संपली होती तरी. तेव्हा प्राधिकरणाने स्वतः दावा लावला आणि कोर्टाने त्या चालकाला ताबा देण्याची आज्ञार्थी ताकीद दिली. म्हणजे एकीकडे 'देऊ नको' मागणारा, दुसरीकडे 'दे' मागणारं प्राधिकरण.

त्याच निविदेविरुद्ध तिसऱ्याच एकाने रिट याचिका केली. ती सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचली. ४ मे १९७९ च्या निकालात न्यायमूर्ती पी. एन. भगवती यांनी सांगितलं की सरकारी संस्थेने स्वतः घातलेली पात्रतेची अट तिला मनमानीने मोडता येत नाही, हे काम देणं अवैध. तरीही रद्द केलं नाही! याचिका करणारा पाच महिन्यांहून जास्त थांबला होता, नव्या मंडळींनी तोवर सव्वा लाखाच्या आसपास खर्च केला होता, आणि याचिकेमागे भलताच कुणीतरी उभा असल्याचं न्यायालयाला दिसलं. 'बेकायदा' आणि 'रद्द' हेही एक नव्हे, हे मथळे लिहिणाऱ्यांनी इथून उचलावं.

वऱ्हाडी म्हणतात ते इथेही लागू : तो करार पट्ट्याचा नव्हता, परवान्याचा होता.

मुद्रितशोधक
मनाई द्यायची की नाही हे ठरवताना 'प्रथमदर्शनी प्रकरण', 'सोयीचा समतोल' आणि 'भरून न येणारे नुकसान' असं त्रिकूट येतं. मधला शब्द मला कधीच पटला नाही. सोय कुणाची?

निशाणी पाच
तो शब्दाला शब्द लावून झालेला अनुवाद. तपासायचं असतं ते गैरसोयीचं पारडं : मनाई दिली तर समोरच्याचं जास्त बिघडेल की नाकारली तर मागणाऱ्याचं. सार्वजनिक जागेच्या निविदेत तिसरं वजनही पडतं, लोकांचं. जागा पडून राहिली तर नगरपरिषदेचं भाडं बुडतं. म्हणून निविदांच्या बाबतीत कोर्टं हात आखडता घेतात. १९९४ पासून सूत्र असं की निर्णय बरोबर की चूक याचं अपील कोर्ट ऐकत नाही, तो घेण्याची रीत तपासतं. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बजावलं की कामाच्या निविदांना सहसा स्थगिती देऊ नये, अन्याय झालाच असेल तर नुकसानभरपाईचा रस्ता आहे. विशिष्ट अनुतोष कायद्यात (स्पेसिफिक रिलीफ ॲक्ट, मनाईचे नियम यातच आहेत) २०१८ च्या दुरुस्तीने पायाभूत सुविधांच्या प्रकल्पांत मनाईला आणखी बांध घातला. बाजारतळालगतचा भूखंड त्यात बसेल असं मला वाटत नाही.

आणि ज्याची निविदा मंजूर झाली तो शहाणा असेल तर आधीच कॅव्हेट लावतो, म्हणजे त्याला न ऐकता एकतर्फी हुकूम होत नाही. नव्वद दिवस टिकतं. या शब्दाला कुणी मराठी प्रतिशब्द सुचवूच नये, सगळ्यांना कॅव्हेट कळतं.

आडगाव
हुकमाची नक्कल मिळाली. कामाची ओळ अशी : "प्रतिवादी क्र. १ यांनी पुढील तारखेपर्यंत वादमिळकतीचा ताबा कोणासही देऊ नये." स्थगिती, जैसे थे, रद्द यांपैकी एकही शब्द नाही.

निशाणी पाच
मग मनाईच, तीही पुढच्या तारखेपर्यंतची आणि फक्त ताबा देण्यापुरती. देकार, म्हणजे आलेल्या बोली, उघडणं, दर तपासणं, ठराव करणं यातलं काही अडलेलं नाही. नगरपरिषदेला ताबा सोडून सगळं पुरं करता येईल. ही मोडली तर मालमत्तेवर जप्ती आणि तीन महिन्यांपर्यंत दिवाणी कैद, दोन्ही होऊ शकतात, तेव्हा मुख्याधिकारी सांभाळूनच राहतील. हुकूम एकतर्फी असेल तर अर्ज तीस दिवसांत निकाली काढण्याचा प्रयत्न कोर्टाने करायचा असतो.

मुद्रितशोधक
मथळा घ्या : 'जागेचा ताबा देण्यास नगरपरिषदेला तात्पुरती मनाई'. दोन स्तंभांत बसतो, मी मोजला.