मदत हवी आहे : गिरणा खोऱ्याचा जुना तालुका-नकाशा

गिरणा खोऱ्याचा गाववार नकाशा क्यूजीआयएस या नकाशांच्या संगणक-प्रणालीत बसवायचा आहे. 1869 साली नाशिक जिल्हा झाला तेव्हा मालेगाव-बागलाण खानदेशातून निघाले. 1906 साली उरलेल्या खानदेशाचे पूर्व (आजचा जळगाव) आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले. एकच नदी, पण वरचं खोरं नाशिकच्या दप्तरात, खालचं जळगावच्या.

जुन्या नकाशातली गावं आजच्या गावांशी नुसत्या नावाने जोडली की घोळ होतो. पिंपळगाव, वडगाव तर तालुक्यातालुक्यात! म्हणून 2011 च्या जनगणनेचा सहा अंकी ग्राम-कोड धरून शेजारच्या शिवा ताडून पाहणं भाग आहे. गिरणा धरणाच्या बुडितातली गावं मात्र त्या यादीत सापडत नाहीत.

1869 ते 1906 दरम्यानचा, गावांच्या शिवा दाखवणारा तालुका-नकाशा कुणाकडे आहे का? स्कॅन 300 डीपीआयचं, चारही कोपरे दिसणारं हवं. घडी पडलेल्या नकाशाचा फोटो ताणला जातो.