दारूला ठिणगी कोणी द्यावी : टोपीने की लेझरने?

धागाकर्ता

अलेक्झांडर फोर्साइथ या स्कॉटिश पाद्र्याने १८०७ साली आघाताने पेटणाऱ्या मिश्रणावर चालणाऱ्या बंदुकीचे पेटंट घेतले आणि तोड्याच्या व चकमकीच्या बंदुकांचे दिवस भरत आले. रंजक (ठिणगी पकडणारी बारीक दारू) ओली झाली की बंदूक मुकी, ही शतकानुशतकांची अडचण त्यातून सुटली. पण पुढे काडतुसातला सर्वांत नाजूक, नुसत्या घर्षणानेही भडकणारा पदार्थ आपण काडतुसाच्या बुडाशी टोपीत, म्हणजे प्रायमरमध्ये, बसवत आलो आहोत.

दारूगोळ्याच्या गुणवत्ता तपासणीत माझी बरीच वर्षे गेली. रायफलच्या एका टोपीत साधारण २५ ते ३५ मिलिग्रॅम मिश्रण असते, म्हणजे चिमटीतही धड न येणारे. तरीही ते भरणाऱ्या कामगाराला खोलीत शिरण्यापूर्वी तांब्याच्या पट्टीला हात लावून अंगातली स्थिरविद्युत उतरवावी लागते, आणि मिश्रण ओलेच राहील याची घडोघडी काळजी घ्यावी लागते. टेबलाच्या खाचेत वाळून राहिलेल्या कणभर मिश्रणाने माझ्या एका सहकाऱ्याची दोन बोटे गेली. तो दिवस मी विसरलेलो नाही, आणि हा धागा काढण्याचे खरे कारण तेच आहे.

याला पर्याय लेझरचा. तोफेच्या ब्रीचमध्ये (नळीच्या मागच्या, दारूगोळा भरायच्या भागात) नीलमण्याच्या स्फटिकाची छोटी खिडकी बसवून लेझरचा झोत थेट दारूच्या प्रज्वलक थरावर सोडता येतो. अमेरिकेच्या १५५ मिमी क्रुसेडर तोफेची रचना अशीच होती. मिनिटाला दहा-बारा गोळे डागायचे, तर दर गोळ्याला नवा प्रायमर पुरवणारी यंत्रणाच नको, असा त्यामागचा विचार होता. तो प्रकल्प २००२ साली रद्द झाला, पण वजन, खर्च आणि बदललेल्या युद्धकल्पनेमुळे. लेझर पेटला नाही म्हणून नव्हे. पुण्यातल्या पाषाणच्या शस्त्रास्त्र संशोधन संस्थेने एटॅग्जसारखी १५५ मिमीची तोफ उभी केली आहे. तिच्या पुढच्या पिढीत प्रायमर नसावा, आणि हळूहळू रायफलीतूनही तो जावा, असे माझे ठाम मत आहे.

प्रतिसाद १

साहेब, आपल्या सहकाऱ्याचे वाचून वाईट वाटले, आणि दारूगोळा भरणाऱ्या हातांचा विचार तोफ डागणाऱ्या आम्हा गोलंदाजांनी फारसा कधी केला नाही हेही मान्य करतो. तरीही आपल्या मताशी मी सहमत नाही.

देवळालीला तोफखान्याच्या शाळेत शिकलो आणि नंतर वाळवंटात व डोंगरात तोफेवर उभा राहिलो. प्रायमरला फक्त एक ठोका लागतो. वीज, बॅटरी, जोडणीची तार यांपैकी काहीही लागत नाही. वाळूच्या वादळात डोळ्यांत बोट घातले तरी दिसत नाही, तेव्हा ती खिडकी स्वच्छ आहे की नाही हे कोण पाहणार? दुसरी गोष्ट माझ्या दृष्टीने त्याहून महत्त्वाची आहे. मिसफायर झाला, म्हणजे ठोका देऊनही दारू पेटली नाही, की आम्ही ठरलेला वेळ थांबतो, प्रायमर काढतो आणि त्याच्या बुडावरची खूण पाहतो. खूण उथळ असेल तर दोष तोफेच्या ठोका देणाऱ्या पिनेत, खोल असेल तर दोष प्रायमरमध्ये. ज्याच्या तळहातावर तो पितळी तुकडा आहे, त्याला अर्ध्या मिनिटात कारण कळते. प्रकाश आपल्यामागे कसलीही खूण ठेवत नाही.

प्रतिसाद २

मी इलेक्ट्रॉनिक्समधला माणूस आहे, म्हणून बॅटरीच्या मुद्द्यावर बोलतो. प्रायमर विजेने पेटवणे ही नवी गोष्ट नाही; विमानांवर बसवल्या जाणाऱ्या व्हल्कन या २० मिमी तोफेची काडतुसे तशीच पेटतात. पण विजेने पेटणाऱ्या दारूगोळ्याला भरकटलेल्या विजेची भीती कायम असते. २९ जुलै १९६७ रोजी टॉन्किनच्या आखातात यूएसएस फॉरेस्टल या विमानवाहू जहाजावर विजेच्या लाटेने एक झुनी रॉकेट आपोआप सुटले, आग लागली आणि १३४ माणसे दगावली. लेझरचा झोत काचतंतूतून नेला तर दारूपर्यंत धातूची तारच पोहोचत नाही, त्यामुळे रडार किंवा वीज कडाडण्याने तिथे प्रवाह उत्पन्न होण्याचा प्रश्न उरत नाही. लेझर चालवणारे मंडल विजेचेच असते हे खरे, परंतु ते दारूपासून दूर ठेवता येते आणि झोताच्या वाटेत यांत्रिक झडप आडवी घालता येते.

प्रतिसाद ३

प्रश्न प्रायमरचा नसून शिशाचा आहे, असे मला वाटते. मी बंदिस्त रेंजवर पॉइंट टू-टू पिस्तुलाचा सराव करते. नेहमीच्या प्रायमरमध्ये लेड स्टिफ्नेट असते, त्याच्या धुरातून शिसे छातीत जाते, आणि गोळीचे शिसे वेगळेच. दोन वर्षांपूर्वी माझ्या रक्तातले शिसे वाढलेले निघाले, तेव्हापासून रेंजवरचे कपडे बदलून आणि हात-तोंड धुऊनच मी मुलीला जवळ घेते. मला उद्या सकाळी उपयोगी पडेल असा उपाय हवा आहे. शिसेविरहित प्रायमर आज मिळतात. त्यांची खात्री वाढवण्यावर आणि रेंजवर हवा खेळती ठेवण्यावर पैसा खर्च व्हावा. लेझरची वाट पाहत माझ्यासारख्यांनी आणखी किती वर्षे तो धूर घ्यायचा?

प्रतिसाद ४

रायफलीच्या बाबतीत धागाकर्त्यांचे गणित जुळत नाही. ५.५६ मिमीच्या काडतुसात दाब ४०० मेगापास्कलच्या घरात जातो आणि तो वायू मागे गळू न देण्याचे काम पितळी आवरण करते. लेझर आत सोडायचा तर प्रत्येक काडतुसाच्या बुडाला तेवढा दाब सोसणारी पारदर्शक खिडकी हवी, आणि ती एका गोळीनंतर जमिनीवर पडणार. रेमिंग्टनने २००० साली विजेवर पेटणारी एट्रॉनएक्स रायफल आणली होती. तिला खास काडतुसे लागत. काही वर्षांतच ती बंद झाली.

धागाकर्ता

रायफलीचा माझा आग्रह मी मागे घेतो. फरक नेमका खिडकी कुठे राहते यात आहे, आणि मी तो नीट मांडला नव्हता. तोफेत ती ब्रीचमध्ये कायम बसते आणि हजारो गोळ्यांत तिची किंमत वाटली जाते. काडतुसात ती दर वेळी फेकावी लागते. शिशाच्या बाबतीत ताईंचे म्हणणे पूर्णपणे मान्य. त्यांना लेझरची वाट पाहायला लावणे अन्याय ठरेल.

गोलंदाजसाहेब, आपल्या खुणेचा मुद्दा मात्र रात्रभर डोक्यात राहिला. खिडकीवरून परतणारा प्रकाश मोजता येतो, त्यामुळे काच काजळली आहे की झोतच क्षीण आहे हे डागण्यापूर्वी कळू शकते. शिवाय दारू पेटली नाही तर ब्रीचला हात न लावता दुसरा झोत सोडता येतो. प्रायमर बदलायला ज्या ब्रीचजवळ आपला जवान जातो, तिथे त्या क्षणी कोणीच नसावे, एवढेच मला हवे आहे.

प्रतिसाद १

दुसऱ्या झोताचे पटले. त्या थांबण्याच्या वेळेत ब्रीचकडे पाहत उभे राहणे काय असते, ते मी अनुभवले आहे. पण ते मोजमाप तोफेवरच्या माणसाला तिथल्या तिथे वाचता आले पाहिजे, आणि वीज गेली तर त्याच ब्रीचमध्ये हाताने प्रायमर बसवण्याची सोय राहिली पाहिजे. तशी तोफ मैदानात चाचणीला आणा. काजळी, वाळू आणि जून महिन्याचे ऊन यांत ती चालली, तर माझा विरोध नाही.