शोस्ताकोविचची पाचवी सिंफनी : शेवटचा जल्लोष खरा की धाकापोटीचा?

खर्ज :
सोव्हिएत संगीतकार शोस्ताकोविचची ही सिंफनी (वाद्यवृंदासाठीची मोठी रचना) म्हणजे 'अंधारातून विजयाकडे' असं सर्रास लिहिलं जातं. मला ते अजिबात पटत नाही. काळ स्टालिनच्या दहशतीचा. २८ जानेवारी १९३६ला कम्युनिस्ट पक्षाच्या 'प्रावदा' या दैनिकाने निनावी अग्रलेखातून शोस्ताकोविचच्या ऑपेरावर झोड उठवली. चौथी सिंफनी तालमी चालू असताना मागे घ्यावी लागली. त्याची पाठराखण करणाऱ्या लष्करातल्या मार्शल तुखाचेव्हस्कींना स्टालिनच्या राजवटीने जून १९३७मध्ये गोळ्या घातल्या. आणि त्याच वर्षी २१ नोव्हेंबरला लेनिनग्राडमध्ये पाचवी वाजली. शेवटची पानं नीट ऐका. ब्रास (पितळी फुंकवाद्यं) विजयाची धून वाजवतंय आणि व्हायोलिन्स एकच स्वर घासत बसलीत. डी हा षड्ज धरला तर तो पंचम. पानंच्या पानं तोच! हा जल्लोष मानगूट धरून करवून घेतलेला आहे.

चौताल :
साफ असहमत. ही धाकाची कथा घरोघरी पोचली ती १९७९ साली सॉलोमन व्होल्कोव्हने शोस्ताकोविचच्या आठवणी म्हणून छापलेल्या पुस्तकामुळे, आणि त्या कितपत त्याच्या, यावर अभ्यासकांचं आजही एकमत नाही. पहिल्या प्रयोगाला लार्गोच्या, म्हणजे संथ तिसऱ्या भागाच्या वेळी माणसं रडली, शेवटी अर्धा तास टाळ्या थांबेनात. अटकेची भीती त्यांच्याही घरात होती. ती माणसं काय फसली होती? आणि आपल्या तानपुऱ्याचा पंचमही तासभर चालतो, त्यात कुणाला कोंडमारा ऐकू येत नाही.

खर्ज :
तानपुरा गाण्याच्या खाली असतो हो. इथे तो पंचम वरून ठोकलाय, प्रत्येक स्वर जोर देऊन.

वाद्यवृंद :
लयीचं कुणी बोलतच नाहीये. स्वरलिपीच्या छापील आवृत्त्यांमध्ये शेवटच्या लयीचा आकडाच जुळत नाही. एकीप्रमाणे वाजवलं तर दुसरीच्या जवळपास दुप्पट वेग होतो. अमेरिकन वाद्यवृंद-संचालक बर्नस्टाइनने १९५९मध्ये ते भरधाव वाजवलं आणि खरोखर विजय ऐकू येतो. रशियन संचालक रोस्त्रोपोविच तेच इतकं जड वाजवतो की छातीवर दडपण येतं. मॉस्कोत बर्नस्टाइनच्या कार्यक्रमानंतर शोस्ताकोविच स्वतः मंचावर येऊन हात मिळवून गेला, हेही लक्षात घ्या.

खर्ज :
हात मिळवला म्हणजे लय मान्य केली असं होत नाही. मुख्य पुरावा स्वरलिपीतच आहे. याच सुमारास त्याने पुश्किनच्या एका कवितेला चाल लावली. एक रानटी चित्रकार प्रतिभावंताच्या चित्रावर रंग फासतो. वर्षं जातात, वरचा रंग गळतो, मूळ चित्र पुन्हा दिसतं. शेवटच्या भागात हार्पच्या शांत जागी त्या गाण्याची साथ येते. आणि भागाची सुरुवात ज्या चार स्वरांनी होते, ते त्या गाण्याच्या पहिल्या शब्दांचे, म्हणजे त्या रानटी चित्रकाराचे! शेवटी मेजरमध्ये (उजळ वाटणाऱ्या स्वरसप्तकात) दणाणतात तेही तेच. मग विजय कुणाचा झाला?

चौताल :
हा दुवा सुंदर आहे, नाकारत नाही. पण त्या सभागृहात ते गाणं कुणाला माहीत होतं? लार्गोत ब्रास पूर्ण गप्प, व्हायोलिन्स तीन गटांत विभागलेली. त्यात त्यांनी आपली गेलेली माणसं ऐकली. त्यानंतरचा शेवट त्यांनी उभं राहून स्वीकारला. त्यांच्या ऐकण्याला मी तुमच्या चार स्वरांपेक्षा जास्त वजन देतो.